‘अर्थिंग’ या शब्दाचा इतिहास : एकदिशकारक, भूमी आणि परळीचे वीजकेंद्र

मराठवाड्यात विजेच्या एखाद्या उपकरणाला हात लागून झिणझिणी आली, की माणसे म्हणतात, “याला अर्थ येतोय.” वायरमन येतो, उपकरण तपासतो आणि म्हणतो, “याला अर्थच नाही.” दोघेही खरे बोलत असतात. पहिल्या वाक्यातील ‘अर्थ’ म्हणजे उपकरणाच्या सांगाड्यात उतरलेला प्रवाह. दुसऱ्या वाक्यातील ‘अर्थ’ म्हणजे तो प्रवाह जमिनीत नेऊन सोडणारी तार. दोष आणि दोषाचे निवारण ही परस्परविरुद्ध दोन टोके एकाच शब्दाने व्यक्त व्हावीत, ही गोष्ट भाषाभ्यासकास कुतूहलाची वाटेल. पण ज्याला त्या तारेशी रोज काम पडते, त्याच्या दृष्टीने ती केवळ कुतूहलाची नाही.

शब्द असा विरुद्धार्थी कसा झाला, याचा शोध कोशात लागत नाही. तो यंत्रांच्या इतिहासात घ्यावा लागतो. विजेचे जमिनीशी असलेले नाते एकच नव्हे. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या यंत्रांबरोबर, निरनिराळ्या प्रकारची नाती आपल्याकडे आली आणि त्या सर्वांना आपण एकच नाव दिले. ही नाती जितकी स्पष्टपणे एकदिशकारकात, म्हणजे कारागीर ज्याला ‘रेक्टिफायर’ म्हणतात त्या साधनात, दिसतात, तितकी अन्यत्र क्वचितच दिसतात. म्हणून प्रस्तुत लेखात एकदिशकारकाच्या अनुषंगाने या शब्दाचा मागोवा घ्यावयाचा आहे. उदाहरणे प्रामुख्याने दोन ठिकाणची आहेत : मुंबईची रेल्वे आणि बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र.

१

आपल्या देशात पुरविली जाणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे ती सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते व तितक्या अवधीत १०० वेळा दिशा पालटते. दूर अंतरावर नेण्यास आणि रोहित्राच्या साहाय्याने तिचा दाब कमी-अधिक करण्यास ही वीज सोयीची. परंतु घटमाला भारित करणे, धातूंवर मुलामा चढविणे, जनित्राच्या चुंबकाला उत्तेजन देणे इत्यादी कामांसाठी एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन एकदिश प्रवाह देणारे साधन तो एकदिशकारक.

कारखान्यातील मोठ्या एकदिशकारकाची जोडणी साधारणपणे अशी असते. मुख्य फळ्यावरून तीन फेजच्या तारा येतात; त्या वियोजक स्विच व फ्यूज यांतून रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याला मिळतात; दुय्यम वेटोळ्याची वीज सहा झडपांच्या रचनेतून जाते. पूर्वी या झडपा पाऱ्याच्या बाष्पाच्या असत, आज त्या सिलिकॉनच्या आहेत. सहा झडपांतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात दर आवर्तनाला सहा, म्हणजे सेकंदाला ३०० स्पंद असतात. पुरवठ्याकडून असा एकदिशकारक जो प्रवाह ओढतो, तो मात्र नितळ राहत नाही. मूळ कंप्रतेच्या पाचपट, सातपट, अकरापट, तेरापट अशा हरात्मकांची भेसळ त्यात होते. एक दुय्यम वेटोळे तारा पद्धतीने व दुसरे डेल्टा पद्धतीने गुंडाळून दोहोंत ३० अंशांचे अंतर ठेवले, तर पाचपट व सातपट हरात्मके परस्परांना छेदतात. एका फेजवर चालणाऱ्या लहान एकदिशकारकांची गोष्ट निराळी. त्यांची तिप्पट कंप्रतेची हरात्मके न्यूट्रल तारेत एकमेकांत मिळतात आणि जी तार बारीक चालेल असे समजून टाकलेली असते, तीच तापते.

या सर्व जोडणीत जमिनीचे स्थान कोणते? या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

२

महाराष्ट्रात एकदिश प्रवाहाचा मोठ्या प्रमाणावरील वापर सर्वांच्या डोळ्यांसमोर आला तो ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्या दिवशी मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस व कुर्ला या स्थानकांमध्ये, हार्बर मार्गाने, देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. तिला १,५०० व्होल्टचा एकदिश दाब लागत असे. वीज येई ती प्रत्यावर्ती. उपकेंद्रांत तिचे रूपांतर प्रथम फिरत्या यंत्रांनी होई; पुढे पाऱ्याच्या प्रज्योतीवर चालणाऱ्या एकदिशकारकांनी त्यांची जागा घेतली. या साधनाचा शोध अमेरिकेतील पीटर कूपर हेविट याने १९०२ साली लावला होता. काचेच्या किंवा पोलादाच्या निर्वात पात्रात पाऱ्याची प्रज्योत पेटवली, की तिच्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो, हे त्यामागील तत्त्व.

या व्यवस्थेत प्रवाह वरच्या तारेतून गाडीत येई आणि रुळांतून उपकेंद्राकडे परत जाई. रूळ खडीवर आणि स्लीपरांवर टेकलेले असल्यामुळे ते जमिनीपासून पूर्णपणे अलग राहू शकत नाहीत. परतीच्या प्रवाहाचा काही भाग वाट सोडून मातीत शिरतो, वाटेत पाण्याचा लोखंडी नळ भेटला तर त्यातून धावतो, आणि उपकेंद्राजवळ नळ सोडून पुन्हा मातीत उतरतो. ज्या ठिकाणी तो नळ सोडतो, त्या ठिकाणी विद्युत् रासायनिक क्रियेने नळाचे लोखंड झिजते. म्हणून अशा रेल्वेच्या उपकेंद्रात ऋण टोक थेट जमिनीला बांधण्याचे सामान्यतः टाळतात, यंत्रांचे सांगाडे मात्र जमिनीला बांधतात. एकाच छताखाली जमिनीशी जोडण्याची आज्ञा आणि न जोडण्याची दक्षता या दोन्ही गोष्टी नांदतात.

ही पद्धत मुंबईत जवळजवळ ९० वर्षे टिकली. २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पद्धतीकडे जाण्याचे काम पश्चिम रेल्वेने २०१२ साली पूर्ण केले; मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते २०१५ साली आणि हार्बर मार्गावर २०१६ साली झाले. त्यामुळे विजेची दिशा बदलण्याचे काम मार्गालगतच्या उपकेंद्रातून उठून गाडीच्याच पोटात गेले.

जमीन ही प्रवाहाची परतीची वाट होऊ शकते, हे तत्त्व मात्र सुटले नाही. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, धन व ऋण ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॉटची. तिच्या चंद्रपूरच्या टोकाला एकदिशकारक आहे आणि पडघ्याच्या टोकाला त्याच्या उलट काम करणारे साधन. अशा द्विध्रुवी वाहिनीचा एक ध्रुव बंद पडला असता, उरलेल्या ध्रुवाचा प्रवाह काही काळ भूमीतून परत आणता येतो. त्यासाठी दूर, मोकळ्या जागी विद्युत् अग्रे पुरून ठेवतात. येथे जमीन ही तारेचे काम करते.

३

दुसरे नाते कायद्याने आणले. १९१० चा भारतीय विद्युत् अधिनियम आणि त्याखालील १९५६ चे नियम यांनी जमिनीशी जोडणी ही मालकाच्या मर्जीची बाब ठेवली नाही. १९५६ च्या नियमांतील ६१ व्या नियमाने यंत्रांचे धातूचे सांगाडे दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीला बांधणे आवश्यक केले. एक तुटली तर दुसरी असावी, हा हेतू उघड आहे. कारागिरांच्या बोलीत या तरतुदीचे ‘डबल अर्थिंग’ झाले. पुढे भारतीय मानक संस्थेने १९६६ साली जमीनजोडणीची संहिता प्रसिद्ध केली. ती १९८७ व २०१८ साली सुधारण्यात आली. १९१० चा अधिनियम जाऊन २००३ चा आला. नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली. वाक्ये बदलली, दोन जोडण्यांचे तत्त्व राहिले.

मूळ मसुदा इंग्रजी असल्यामुळे शब्दही इंग्रजांचा आला. इंग्लंडात ‘अर्थ’ म्हणतात, अमेरिकेत ‘ग्राउंड’. आपण पहिला घेतला. नंतर अमेरिकी धाटणीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे येऊ लागली, तेव्हा ‘ग्राउंड’ही आला, आज कारखान्यातल्या एकाच फळ्यावर दोन्ही नावे आढळतात आणि नवशिक्यास त्या दोन वस्तू वाटतात. ‘अर्थ’ हा उच्चार मराठीत आधीपासून असलेल्या संस्कृत शब्दाशी तंतोतंत जुळल्यामुळे तो रुजण्यास अडचण पडली नाही. उसना शब्द घरच्या शब्दासारखा दिसला, की त्याची परीक्षा घेण्याचे कोणाला सुचत नाही. ‘अर्थिंग’ हे क्रियेचे नाव व्यवहारात स्त्रीलिंगी झाले (‘अर्थिंग दिली’, ‘अर्थिंग तुटली’), तर ‘अर्थ’ पुल्लिंगी राहून ‘येऊ’ लागला, ‘मिळू’ लागला, ‘मारू’ लागला. वस्तू, क्रिया आणि दोष हे तिन्ही अर्थ एका मुळावर असे वाढले.

४

तिसरे नाते समजण्यासाठी परळीस जावे लागते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले. वैद्यनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे आधीच प्रसिद्ध असलेल्या परळीत मंडळाने उभारलेल्या औष्णिक केंद्राचे पहिले दोन संच १९७१ साली सुरू झाले. ते प्रत्येकी ३० मेगावॉटचे होते. त्यानंतर २१० मेगावॉटचे तीन संच १९८०, १९८५ व १९८७ साली आणि २५० मेगावॉटचे तीन संच २००७, २०१० व २०१६ साली आले. ३० मेगावॉटचे दोन्ही संच पुढे कायमचे बंद करण्यात आले. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यापासून हे केंद्र महानिर्मितीकडे आहे.

वीजकेंद्र स्वतः प्रत्यावर्ती वीज निर्माण करते; मग त्यास एकदिशकारकाची गरज कशाला, अशी शंका येईल. औष्णिक केंद्रात ही गरज अनेक ठिकाणी असते; येथे दोन स्थाने पाहू.

पहिले स्थान घटमालेचे. ब्रेकर उघडणारी वेटोळी, संरक्षक रिले, आणीबाणीचे तेलपंप आणि दिवे हे सर्व एकदिश विजेवर ठेवतात, कारण ज्या क्षणी केंद्रातील प्रत्यावर्ती वीज जाते, नेमक्या त्याच क्षणी त्यांची गरज असते. त्यासाठी साधारणपणे २२० व्होल्टची, सुमारे ११० शिसे-आम्ल घटांची माला असते आणि एक एकदिशकारक तिला अखंड भारित करीत असतो. हा ‘चार्जर’ लोखंडी कपाटात बसविलेला असतो. कपाटाचा सांगाडा दोन ठिकाणी जमिनीला जोडतात. त्याला येणाऱ्या तीन फेजच्या पुरवठ्याचा मध्यबिंदू रोहित्रापाशी जमिनीला जोडलेला असतो. परंतु त्यातून बाहेर पडणाऱ्या एकदिश विजेचे धन किंवा ऋण यांपैकी एकही टोक जमिनीला थेट जोडीत नाहीत. चार्जरमधील रोहित्राची दोन वेटोळी परस्परांपासून अलग ठेवण्याचे कारणही हेच : एरवी जमिनीशी बांधलेली बाजू न बांधलेल्या बाजूशी आतून मिळेल.

असे का करतात? एखाद्या तारेचे वेष्टन फाटून तिचा जमिनीस स्पर्श झाला, तर अशा तरंगत्या मंडलात प्रवाहाला परतीची वाटच नसते. फ्यूज उडत नाही, संरक्षण जागे राहते. हा पहिला दोष ओळखण्याची जुनी युक्ती अत्यंत साधी आहे. दोन सारखे दिवे धन व ऋण टोकांमध्ये एकापुढे एक जोडतात आणि त्यांचा मधला बिंदू जमिनीला देतात. सर्व ठीक असता दोन्ही सारखेच मंद जळतात. ज्या टोकाचा जमिनीशी स्पर्श झाला असेल, त्या बाजूचा दिवा विझतो व दुसरा प्रखर होतो. पहिला दोष न शोधता दुसरा होऊ दिला, तर ब्रेकर कोणीही न सांगता उघडेल, किंवा उघडावयास हवा तेव्हा उघडणार नाही.

आता कल्पना करावी, की या कपाटापाशी उभ्या असलेल्या कारागिराला एवढेच सांगितले, “अर्थिंग करून टाक.” सांगाडा बांधावयाचा, मध्यबिंदू बांधावयाचा, की ऋण टोक? तिन्हींसाठी त्याच्याजवळ एकच शब्द आहे. ऋण टोक बांधले तर तत्काळ काहीच बिघडत नाही. यंत्र चालते, दिवा लागतो. पण घटमालेचे तरंगते स्वातंत्र्य गेलेले असते आणि यापुढे धन बाजूचा पहिलाच दोष हा सरळ लघुमंडल ठरणार असतो.

५

दुसरे स्थान धुराड्याकडे जाणाऱ्या वायूच्या मार्गावर आहे. दगडी कोळशाची राख धुराबरोबर गावावर पसरू नये म्हणून स्थिर विद्युत् अवक्षेपक बसवितात. कामगारांच्या भाषेत ‘ईएसपी’. कॅलिफोर्नियातील फ्रेडरिक कॉट्रेल याने १९०८ साली त्याचे पेटंट मिळविले. उच्च दाबाची एकदिश वीज मिळविण्यासाठी त्याला फिरता यांत्रिक एकदिशकारक वापरावा लागला होता. आज तेच काम तेलात बुडविलेले रोहित्र व सिलिकॉनच्या झडपा करतात. ४१५ व्होल्टच्या दोन फेजमधून वीज घेऊन तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवितात. असे अनेक संच असल्याने कोणत्याही दोन फेजांवर जादा भार पडू नये, अशी त्यांची वाटणी करावी लागते. एकदिशकारकाचे ऋण टोक अवक्षेपकातील लोंबत्या तारांना देतात. धन टोक जमिनीला. राखेचे कण तारांपाशी ऋण भार घेतात आणि जमिनीशी जोडलेल्या पोलादी पत्र्यांवर जाऊन बसतात. पत्र्यांवर हातोडे पडले की राख खाली गळते.

येथे जमीनजोड केवळ संरक्षणासाठी नाही. ती मंडलाचाच भाग आहे. पत्र्यांवरून परतणारा प्रवाह याच जोडाने एकदिशकारकाकडे जातो आणि त्याच वाटेवर तो मोजला जातो. हा जोड तुटला, तर मोजणीची तार, आणि तिच्याबरोबर नियंत्रण-कक्षातील मापक, घातक दाबापर्यंत चढू शकतो. म्हणून टाकीच्या बोल्टवर विसंबून न राहता धन टोकासाठी स्वतंत्र पट्टी ओढतात. शिवाय पुरवठा बंद केला तरी तारांवर भार शिल्लक राहतो. आत माणूस उतरण्यापूर्वी त्या तारा जमिनीला जोडणे अनिवार्य असते. चालू असताना ज्या तारेला जमीन लागता कामा नये, तिलाच बंद झाल्यावर जमीन लागली पाहिजे.

६

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जोड कितीही नीट केला तरी शेवटी तो मातीत संपतो, आणि माती कोरडी असेल तर तिचा रोध वाढतो. जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वरची काळी माती ओली असता विजेला चांगली वाट देते. खालचा कातळ तिच्या अनेक पट रोध करतो. सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही आष्टी-पाटोद्याकडे कमी, अंबाजोगाई-परळीकडे थोडा बरा. उन्हाळ्यात काळी माती आक्रसून भेगाळते व पुरलेल्या नळापासून सुटते. वीजकेंद्रात जमिनीखाली पोलादाची विस्तीर्ण जाळी पुरतात आणि तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आत ठेवावा असा दंडक शिकविला जातो. शेतावरच्या ‘डीपी’ला मात्र खड्ड्यात पुरलेला नळ, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वरून ओतलेले पाणी, एवढाच आधार.

पाणी! फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. बाष्पित्रे थंड झाली तरी घटमालेचा चार्जर थांबवून चालत नाही. केंद्र झोपले असता जागे राहणाऱ्या थोड्या यंत्रांत तो एक. ज्या वर्षी प्यावयाचे पाणी टँकरने येते, त्या वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओता असे कोणाला सांगावयाचे? आणि न ओतल्यास, पावसाळ्यात जी जोडणी जीव वाचवील ती वैशाखात वाचवील याची शाश्वती नाही. सांगाड्याला तार आहे, तार खड्ड्यात गेली आहे, तरीही ‘अर्थ येतोय’. या वेळी वायरमनलाही ‘अर्थच नाही’ असे नुसती तार पाहून म्हणता येत नाही. तार आणि जमीन यांना एकच नाव असल्यामुळे तार दिसली की जमीनही आहे असे गृहीत धरले जाते.

७

शासकीय मराठीने विजेच्या क्षेत्रात काही शब्द यशस्वीपणे रुजविले आहेत. ‘उपकेंद्र’, ‘वीजवाहिनी’ हे सर्वतोमुखी झाले. ‘रोहित्र’ वृत्तपत्रांत स्थिरावले, जरी शेतकरी त्यास ‘डीपी’च म्हणतो. ‘भूसंपर्क’ यासारखे शब्द मात्र छापील पानाबाहेर फारसे पडले नाहीत. त्याचे कारण त्यांचा संस्कृतपणा नव्हे. ज्या भेदाची कारागिराला गरज आहे, तो भेद त्यांनीही केला नाही. एका संदिग्ध शब्दाच्या जागी दुसरा तितकाच संदिग्ध शब्द ठेवला. गरज न भागविणारा नवा शब्द लोक का घेतील?

इतिहासाने दाखविलेली नाती तीन आहेत आणि त्यांना तीन नावे हवीत. यंत्राचा सांगाडा बांधणे ही ‘अंगाची जमीनजोड’. पुरवठ्याचा मध्यबिंदू बांधणे ही ‘मध्याची जमीनजोड’. जेथे प्रवाहच जमिनीच्या वाटेने परततो ती ‘परतीची जमीनजोड’. घटमालेसारखे जे जाणूनबुजून बांधावयाचे नाही, त्यास ‘तरते’ म्हणावे. आणि सांगाड्यात उतरलेल्या प्रवाहाला ‘अर्थ’ न म्हणता ‘उतरलेला करंट’ म्हणावे. हा प्रयोग बोलीत आहेच. ‘जमीन’ हा शब्द फारसीतून आला आणि ‘जोड’ हा घरचा; ज्या प्रदेशात कित्येक पिढ्या या दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, तेथे या समासाची अडचण वाटू नये.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मराठी पाठ्यपुस्तकात, चार्जरच्या कपाटावरील पाटीवर आणि कामाच्या परवान्यावर हे भेद नोंदविले गेले, तर शब्दांची निवड विद्वानांनी केली की कारागिरांनी, हा प्रश्न गौण ठरेल. तोवर तीन कामांसाठी एक शब्द हाती घेऊन माणसे कपाटे उघडीत राहतील. आणि कोणता अर्थ अभिप्रेत होता, याचा निर्णय शब्दाऐवजी प्रवाह करील.